दिवसाचा एक, रात्रीचा एक

मोखाड्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून जगनचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओचं नाव 'प्रतिक्षा'. लेकीचं नाव दिलंय त्यानं. पाटी रंगवत होते तेव्हाच मी सांगितलं होतं, बाबा रे, 'ती' दीर्घ काढ, शब्द तसा आहे. तो म्हणाला, "शाळेच्या दाखल्यावर ऱ्हस्व हाय, वामनभाऊ. पाटी दीर्घ केली तर पोरीचा दाखला बदलावा लागंल." पाटी तशीच राहिली. प्रतीक्षा म्हणजे वाट पाहणं, आणि ते नाव दुकानाला पुरतं लागू पडलं. घरोघरी मोबाइल आल्यापासून जगन काउंटरमागे बसून गिऱ्हाइकाची वाट पाहतो. येतात ते पासपोर्ट साइजवाले. आमच्या तालुक्यात माणसाचा फोटो निघतो तो कुठल्यातरी कागदावर चिकटवायलाच.

जगनचं वय सत्तेचाळीस. बघणारा साठ धरतो. अंगानं काटकुळा, गुडघे गेलेले, डोळ्यांखाली काळं. बसला की हनुवटी छातीवर येते. मी रोज विचारतो, "काय रे, दमलास का?" तो रोज म्हणतो, "नाय, मी असाच हाय." पहिल्या पहिल्यांदा मला ते विनोदानं म्हटलेलं वाटायचं.

त्याचे आईबाप तो लहान असतानाच गेले. थोरली बहीण पुतळी, तिनं त्याला कडेवर घेऊन वाढवला. तिचं लग्न खोडाळ्याच्या पलीकडे पायरपाड्यात झालं तेव्हा हा सोबत गेला. बहिणीच्या सासरी राहून दहावी नापास झाला आणि सोळाव्या वर्षी भिवंडीला गेला, एका फोटोच्या लॅबमध्ये. तिथं नऊ वर्षं अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली लोकांच्या लग्नाचे फोटो धुतले. "दिवस कवा उगवला, कवा बुडाला, कळायचं नाय," तो सांगतो. पुढे रोलचा जमाना संपला, लॅब बंद पडली. एक जुना कॅमेरा आणि थोडी हिंदी एवढं घेऊन हा परत आला. मग लग्नाचे फोटो काढायला लागला. ते पंधरा-सोळा वर्षं बरं चाललं. पुढे नवरीचा मावसभाऊच मोबाइलवर काढायला लागला.

पाचेक वर्षांपूर्वी त्याला एक विचित्र काम मिळालं. पाड्यापाड्यावर सौर दिव्यांचे खांब बसत होते. ठेकेदाराला प्रत्येक खांबाचे दोन फोटो लागायचे, दिवसाचा एक आणि रात्रीचा एक. दिवसाचा म्हणजे खांब उभा आहे, रात्रीचा म्हणजे दिवा लागतो आहे. दोन्ही एकाच जागेवरून काढलेले हवेत. जगन मोटारसायकलवर तिपाई बांधून निघायचा. दुपारी पाड्यावर पोचायचा, एक फोटो काढायचा आणि मग रात्र पडायची वाट पाहत बसून राहायचा. वाट पाहण्याचा सराव होताच.

आता माणूस पाच-सहा तास नुसता खांबाकडे किती बघणार? त्यानं कॅमेरा इकडेतिकडे फिरवला. कुठलाही कोपरा दिसला की दुपारी एक फोटो काढून ठेवायचा. तिपाईचे पाय जिथं टेकले तिथं तीन दगड ठेवायचा आणि रात्री त्याच तीन दगडांवर तिपाई लावून दुसरा काढायचा. खांबाचं काम वर्षभरात संपलं. हे खूळ काही संपलं नाही.

जोड्या म्हणतो तो त्यांना. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चपलांचं दुकान काढतोय. एका प्लास्टिकच्या फाइलीत त्या लावलेल्या असतात, डावीकडे दिवस, उजवीकडे रात्र, मागे गावाचं नाव आणि दोन वेळा. मथळा नाही, कौतुक नाही. खोडाळ्याच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसलेली बाई, आणि रात्री त्याच जागी जमीन हुंगत असलेली तीन मांजरं. जव्हारच्या एसटी स्टँडवर भरदुपारची चेंगराचेंगरी, आणि रात्री त्याच फरशीवर वीटभट्टीला निघालेलं कुटुंब झोपलेलं, उशाला टोपली, टोपलीखाली कोंबडी, टोपलीवर आईचा हात. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारा माणूस, आणि बोहाड्याच्या उत्सवातल्या रात्री तोच माणूस देवाचा मुखवटा चढवून आलेला, मुकादम त्याच्या पाया पडतोय. एक जोडी माघ्याबाबाची आहे. दिवसा त्यात नुसतं कुलूप लावलेलं घर दिसतं. लेक-सून कामाला ठाण्याकडे गेलेली. रात्रीच्या फोटोत त्याच दारात म्हातारा माघ्याबाबा दिवा ठेवतोय. स्वतः तो शेजारच्या झोपडीत राहतो, पण रोज येऊन लेकाच्या बंद घरापुढे दिवा लावतो. घराला एकटं वाटू नये म्हणून. ती जोडी माझ्यासारख्या खडूस माणसानंही दोनदा पान उलटून परत बघितली, हे मी कबूल करतो.

"अरे, हे लोकांना दाखव. खाली दोन ओळी लिही, गोष्ट कळेल," मी म्हणालो.

"लिवायचं काय? दोन बाजूला लावले की बोलतात ते." आणि फाइल मिटताना, "आन बोलले नायत तर नाय बोलले."

मुंबईहून एका संस्थेची ताई आली होती एकदा. फाइल बघून तिचे डोळे भरले. एक पानभर माहिती लिहून पाठवा म्हणाली. मी ती टाइप केली, ऱ्हस्वदीर्घ तपासून पाठवली. ताईचं उत्तर अजून यायचंय. जगननं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मीच आठवडाभर चिडचिड केली.

हे सगळं सांगण्याचं कारण गेल्या उन्हाळ्यात घडलं.

पायरपाड्यात अकरा घरं आहेत आणि एक विहीर, तीही उतार उतरून खाली, नाल्याच्या कडेला. पावसात आमच्याकडे इतकं पाणी पडतं की अंगावरचं वाळत नाही, आणि एप्रिल लागला की तीच विहीर तळाला जाते. मग खडकातून झिरपतं तेवढंच. बाया रात्री खाली जाऊन बसतात, आळीपाळीनं. एकीनं आत उतरायचं, वाटीवाटीनं भरायचं, हंडा भरला की दुसरीची बारी. रात्रभरात अकरा हंडे. सकाळी घरोघर एक हंडा, तो दिवसभर पुरवायचा.

गेल्या वर्षी पाड्यानं टँकरसाठी अर्ज करायचा ठरवला. अर्ज मी टाइप केला. सोबत फोटो जोडायचा होता, तो काढायला अर्थात जगन गेला. बहिणीचा पाडा. सकाळच्या उन्हात त्यानं अकराजणींना विहिरीपाशी ओळीत उभं केलं, प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा. आणि हंडे कसे? काठोकाठ भरलेले. पाणी हिंदकळून एकीच्या कपाळावर ओघळलेलं, त्यावर ऊन चमकतंय.

तुम्ही म्हणाल, असा कसा हा वेडा माणूस! टँकर मागायचा आणि भरलेले हंडे दाखवायचे? पण आमच्याकडच्या माणसाला विचारा. रिकामा हंडा कोणी कुणापुढे धरत नाही. सकाळी कामाला निघालेल्यासमोर रिकामा हंडा घेऊन बाई आली, तर ती आडोशाला उभी राहते, त्याला जाऊ देते. पाहुणा आला की भरलेला हंडा. नवरी दारात आली की भरलेला हंडा. जगननं पंधरा वर्षं लग्नाचे फोटो काढले, त्यात एकही रिकामं भांडं येऊ दिलं नाही. त्यामुळे बायांनी घराघरातले भरलेले हंडे उचलून आणले, त्यानं ते तसेच टिपले, आणि कुणाच्याही मनात काही आलं नाही. माझ्याही नाही. मी तो फोटो स्वतःच्या हातानं अर्जाला टाचला. 'पाणीटंचाई'तला 'णी' दीर्घ आहे ना, एवढंच मी बघत होतो.

दहा दिवसांनी तालुक्याच्या कचेरीतून उत्तर आलं. 'जोडलेल्या छायाचित्राचे अवलोकन केले असता हंडे पूर्ण भरलेले दिसून येतात. सबब टँकरची आवश्यकता दिसून येत नाही.'

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आजूबाजूच्या पाड्यांवर टँकर सुरू झाले. पायरपाड्यातल्या बाया रात्री विहिरीच्या काठावर बसून पलीकडच्या घाटातून टँकर चढताना ऐकायच्या. पाड्यात म्हण पडली, जगनच्या फोटोनं आमचं पाणी पिलं. जगन तोंड दाखवायला गेला, तेव्हा पुतळी एवढंच म्हणाली, "फोटो लय झाक आलाय तुझा." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. पाच आठवडे. ज्या बहिणीनं कडेवर वाढवलं, ती हा दिसला की आत जायची.

जगन खचला. दुकान उघडायचा आणि शटर अर्धंच ठेवायचा. एकदा मी डबा उघडून त्याच्यापुढे केला, तर म्हणाला, "घास उतरत नाय, वामनभाऊ. पानी पिताना तिची आठवन येते."

"मग दुसरा फोटो काढ की! रिकाम्या हंड्यांचा."

"गेलो होतो. नाय म्हनाल्या."

झालं होतं असं. हा परत गेला, हात जोडून बायांना म्हणाला, रिकामे हंडे घेऊन उभ्या राहा. पुतळी त्याच्याशी बोलत नव्हतीच, तिनं तोंड फिरवून शेजारणीला सांगितलं, "त्याला सांग. रिकामा हांडा मानूस मेल्यावर धरतात. आमी तसा धरला, आन त्यो फोटो सायबाच्या हातात गेला, तर त्याचं वाईट होईल. त्याची पन पोरां असतील."

मी हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. ज्यानं पाणी नाकारलं त्याच्या पोरांची काळजी! मला राग आला. या बायांचाच राग आला. आणि नंतर अर्धा दिवस स्वतःची लाज वाटत राहिली.

तेव्हा जगनला जोडी सुचली. दिवसाचा फोटो होताच, भरलेल्या हंड्यांचा. ते भरतात कसे, हे रात्रीच्या फोटोत येईल. साहेबापुढे दोन्ही बाजूबाजूला ठेवायचे. बहिणीनं घरात घेतलं नाही, म्हणून तो थेट विहिरीवर जाऊन बसला. पहिल्या फोटोची जागा त्यानं दगडांनी धरून ठेवलीच होती. फ्लॅश मारायचा नाही हा त्याचा नेम. चांदण्यात तीस-तीस सेकंद भिंग उघडं ठेवून त्यानं रात्रभर फोटो काढले.

मी ते फोटो कॉम्प्युटरवर बघितले. अशा फोटोत जो हलतो तो दिसत नाही, नुसता धूर होतो. जो निश्चल तोच उमटतो. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरणारी बाई त्यात नाहीच, तिच्या बॅटरीचा एक पांढरा ओरखडा आहे फक्त. पोहरा वर ओढणारी नाही. दिसतात त्या झोपलेल्या. काठावर बसल्या बसल्या, गुडघ्यात डोकं घालून, भिंतीला टेकून. सगळ्यांत स्पष्ट आलीय पुतळी. तिनं हंड्याचा दोर मनगटाला बांधलाय, बारी आली की दुसरीनं ओढून जागं करावं म्हणून. तीस सेकंदांत तिच्या पापणीचा केसही हललेला नाही.

"इतकं निवांत कोन बसंल सांगा," जगन म्हणाला. "लग्नात लोकांना हलू नका, हलू नका म्हनून घसा बसायचा माझा. अठं एकीला सांगावं लागलं नाय."

जोडी घेऊन आम्ही दोघं कचेरीत गेलो. साहेब लातूरकडचे. टेबलावर फाइलींचा ढीग, डोळे तांबारलेले, जगनपेक्षा फार ताजेतवाने वाटले असं नाही. त्यांनी दोन्ही फोटो बराच वेळ बघितले. मला वाटलं, झालं काम.

"फोटो चांगला आहे," ते म्हणाले. "मला पटतंही. पण यात हंडे सगळे पालथे दिसतात. ते रिकामे म्हणून पालथे, की ओतून पालथे, हे कसं कळणार? आणि बाकी सगळा अंधार आहे. अंधाराला मी टँकर कसा मंजूर करू?"

हंडे पालथे होते, कारण बारीला लावलेला हंडाही आमच्या बाया उघड्या तोंडानं ठेवत नाहीत. जगननं ते सांगितलं. रिकामा का धरत नाहीत तेही सांगितलं, अडखळत. साहेब हसले नाहीत. "आमच्याकडंही तेच आहे. रिकामी घागर आडवी आली की माझा बाप पाच मिनिटं खाली बसायचा आणि मग निघायचा. पण फाइलीला शकुन-अपशकुन कळत नाही हो. वर एक भरलेल्या हंड्यांचा फोटो लागलाय, तो खोडायचा तर दिवसाउजेडी रिकामा हंडा दिसला पाहिजे. उद्या चारला यादी सहीला जाते. ही शेवटची."

बाहेर येऊन मी कचेरीच्या पायरीवर उभा राहून जे काही बोललो ते इथं लिहीत नाही. जगननं पाड्यातल्या एकाच्या मोबाइलवर फोन लावला, पुतळीला बोलवायला सांगितलं. ती आली, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, शेवटची यादी, उद्या चार. पलीकडून हूं नाही की चूं नाही. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दुकानात मला मान वर करायला फुरसत नव्हती. दोन वाजले असतील. काउंटरपाशी एक बाई येऊन उभी राहिली, पदराखाली पोटाशी काहीतरी मोठं धरलेलं. उन्हानं चेहरा रापलेला, ओठ सुकलेले. आधी मला वाटलं पोटुशी आहे, मग वय बघितलं.

"सायेब कठं बसतो?" तिनं विचारलं.

पुतळी होती. सकाळी पाड्यावरून निघून रस्त्यापर्यंत चालत आली होती, आणि खोडाळ्याहून जीपमध्ये बसली होती. पदराखाली हंडा होता, पालथा. भर बाजाराच्या दिवशी, खच्चून भरलेल्या जीपमध्ये, तिनं तो असा झाकून आणला होता, की त्या जीपमधल्या कुणाच्याही दृष्टीला रिकामा हंडा पडू नये. कुणी कामाला निघालेलं, कुणी दवाखान्यात निघालेलं. कुणाचा दिवस बिघडू नये. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

जगन शेजारून धावत आला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. आम्ही तिघं कचेरीत गेलो, पुढे मी, मागे ती, तिच्या मागे कॅमेरा घेऊन जगन.

साहेब जेवून नुकतेच बसले होते. मी म्हणालो, "पायरपाड्याच्या पुतळीबाई आहेत. हंडा घेऊन आल्यात." साहेब उठून उभे राहिले. का उठले त्यांनाही कळलं नसावं.

पुतळी म्हणाली, "सायेब, तुमाला पोरां हायेत?"

"दोन आहेत."

"मग तुमी तिकडं खिडकीत बघा. काम झालं की सांगते."

आणि साहेबांनी खरंच खिडकीकडे तोंड केलं. दारातल्या शिपायालाही तिनं हातानं खुणावलं, तो बाहेर सरकला. मी आपला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागलो. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी चारचौघांत अनेकदा सांगितलेलं आहे. तरी बघितलं कॅलेंडरकडेच.

राहिला जगन. फोटो काढायचा तर त्याला बघणं भागच होतं. कॅमेरा डोळ्याला लावून तो उभा होता. पुतळीनं पदर बाजूला केला, पण हंडा पालथाच ठेवला, हे नंतर जगननं सांगितलं.

"बाय," तो म्हणाला, "तोंड वर कर त्याचं."

मग पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"जगन, तू डोळं मीट. मंगच करते."

"मिटून कसा काढू?"

"कसा पन काढ. तुझ्यासमोर मी रिकामा धरनार नाय."

मी ऐकत होतो. मग हंड्याची कडा बांगडीला घासल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ खटका. एकदाच.

"उघड आता," पुतळी म्हणाली.

मी वळलो तेव्हा हंडा पुन्हा पदराखाली गेला होता. जगनच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि कॅमेरा गळ्यात लोंबत होता. मला वाटतं, त्या माणसानं आयुष्यभरात काढलेला सगळ्यांत वाईट फोटो तो. तिरका आलाय, पुतळीचं कपाळ कापलं गेलंय, एका बाजूला साहेबांच्या खुर्चीचा पाय आलाय. पण मधोमध हंडा आहे, तोंड कॅमेऱ्याकडे, आणि आत तळापर्यंत कोरडा. तळाला पोचा आहे तोसुद्धा दिसतो.

धावत दुकानात जाऊन मी तो छापून आणला. साहेबांनी फोटो फाइलीला लावताना उलटाच लावला, म्हणजे पुढची बाजू कागदाकडे. वर हातानं लिहिलं, 'समक्ष खात्री केली,' आणि सही ठोकली. खिडकीत बघत बसून कसली समक्ष खात्री, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

"चार दिवसांत टँकर येईल," ते पुतळीला म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, शिपायाला हाक मारून म्हणाले, "यांचा हंडा तेवढा कूलरमधून भरून दे. इतक्या लांबून आल्यात, रिकाम्या कशा जातील?"

शिपायानं हात पुढे केला. पुतळी मागे सरली.

"नको सायेब. तांब्याभर द्या, तहान लागलीय."

तांब्या आला. ती घटाघटा प्यायली, अर्ध्यावर थांबली आणि उरलेला जगनपुढे धरला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

"अगं, मग हंडा का नको?" मी न राहवून विचारलं. "जीप रस्त्यापर्यंत सोडते. पुढे जगन डोक्यावर घेईल."

"तसं नाय, भाऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. नुसती दमलेली होती. "पाड्यात अकरा घरां हायेत. मी एकली भरलेला हांडा घेऊन उतार उतरले, तर बाकीच्या धाजनी काय बघतील?"

साहेब फाइलीवरच्या सहीकडे बघत राहिले.

जीप सुटायच्या बेतात होती. आत सात-आठ माणसं आधीच दाटीवाटीनं बसलेली. जगननं स्टुडिओचं शटर खाली ओढलं आणि तोही निघाला, तिच्या शेजारी अर्ध्या जागेवर टेकला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, ते काय हाय ते टपावर टाका, पाय ठेवायला जागा होईल."

"राहू दे," पुतळी म्हणाली. तिनं पदर नीट ओढून घेतला, आणि रिकामा हंडा मांडीवर पालथा धरून ती पाड्याकडे निघाली.